वानराचा अंगठा आणि वाफेचा व्हॉल्व्ह

"डॉक्टर, 'अनफिट' लिहा आणि विषय संपवा," वर्क्स मॅनेजर सबनीस म्हणाले.

माझ्यासमोर फॉर्म होता आणि टेबलापलीकडे ज्ञानोबा उभा होता. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेलेला. दोन महिन्यांपूर्वी मशीनच्या पट्ट्यात सापडला. जखम मीच शिवली होती आणि ती छान भरली होती.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीला कारखाने नुकते उभे राहत होते. मी एका औषधाच्या कारखान्यात मेडिकल ऑफिसर होतो. ज्ञानोबा पुनावळ्याचा, बॉयलर हाउसमध्ये वाफेच्या व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्ह म्हणजे मोठी तोटीच. डोक्याच्याही वर बसवलेली. लोखंडी पायरीवर चढायचं आणि गोल चाक दोन्ही हातांनी फिरवून ती बंद करायची. घंटा झाली की लगेच, कारण उशीर झाला तर पुढची टाकी जास्त तापते आणि अख्खा माल फुकट जातो. अंगठ्याशिवाय चाकावरची पकड सुटत होती.

"दुसरं काम द्या त्याला," मी म्हणालो.

"कुठलं? झाडलोटीला माणसं आहेत. पंधरा दिवस देतो. व्हॉल्व्ह वेळेत बंद करून दाखवू दे, ठेवतो. नाहीतर तुम्ही सही करायची."

"साहेब, घरात पगार माझा एकल्याचाच हाय," ज्ञानोबा एवढंच बोलला.

मला कुणी मुदत घातली की मी हट्टाला पेटतो. अंगठा गेलाय ना? मग अंगठा करू. कारखान्याच्या सुताराकडून सागाचा अंगठा कोरून घेतला, चांभाराकडून त्याला चामड्याचा पट्टा लावला. ज्ञानोबाने तो मुकाट्याने बांधला. डॉक्टरने दिलंय म्हटल्यावर नको कसं म्हणणार?

दहाव्या दिवशी सबनीसांसमोर चाचणी घेतली. दुसऱ्याच फेऱ्याला लाकडी अंगठा गर्रकन फिरला, निसटला आणि खालच्या गटारात पडला. ज्ञानोबाने उतरून तो काढला आणि पुसून खिशात टाकला. सबनीस हसले नाहीत. हसले असते तर निदान भांडता तरी आलं असतं. "पाच दिवस राहिले," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सायकल काढून पुनावळे गाठलं. पट्टा आणखी घट्ट करावा असा माझा विचार. घराच्या ओट्यावर ज्ञानोबाची बायको सरूबाई धान्य पाखडत होती.

"ते लाकडी बोट कुठंय?" मी विचारलं.

"देवळीत ठिवलंय. घरी न्हाई बांधत ते. मधी मधी येतंय म्हणत्यात."

ज्ञानोबा मागच्या विहिरीवर पाणी शेंदत होता. मी जाऊन पाहतो तर भरलेली बादली सरसर वर येत होती. उजव्या हाताची चार बोटं आकड्यासारखी वळलेली, दोर त्यात अडकवलेला, आणि सगळा भार खांद्यावरून. अंगठ्याची आठवणही नव्हती त्या हाताला.

विहिरीवरच्या चिंचेत वानरं होती, काळ्या तोंडाची. एक वानर फांदीला एका हाताने लटकत होतं. तीच चार बोटं, तसाच आकडा. अंगठा बाजूला, असून नसल्यासारखा. मी कपाळावर हात मारला. आमच्या ॲनाटॉमीच्या सरांनी वानराच्या हाताचा सांगाडा समोर ठेवून हेच शिकवलं होतं, आणि परीक्षा झाल्याबरोबर मी ते विसरलो होतो.

"साहेब, बरं वाटंना का?"

"ज्ञानोबा, त्या वानराचा अंगठा बघ. केवढासा आहे."

"मंजी? मारुतीरायाला आंगठा न्हाई म्हणता?"

"मारुतीरायाचं मला ठाऊक नाही बाबा. या वानराचं सांगतो." आणि सांगितलं. याचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या फांद्यांवर राहिले. फांदी पकडून झेपावायचं तर लांब अंगठा कामाचा नाही, अडतोच. ज्यांचा अंगठा जन्मतः आखूड त्यांचं बरं निभावलं, त्यांची पिलं जास्त जगली. असं होत होत अंगठा आखडला. जमिनीवर उतरून दाणे टिपणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाचा त्यामानाने मोठा राहिला. आपले पूर्वज हत्यारं हाताळू लागले, आपला आणखी मोठा आणि जोरकस झाला. जसं जगणं, तसा हात.

ज्ञानोबाने बादली खाली ठेवली. "पर साहेब, माझ्या हाताला यवढ्या पिढ्या कुटं हायेत? चारच दिस हायेत."

बरोबर होतं त्याचं. हात बदलायला वेळ नव्हता. फांदी बदलता येत होती.

सोमवारी सकाळीच फिटरला गाठलं. "व्हॉल्व्हला चाकाऐवजी दोर लावता येईल? खालून ओढायचा?"

"दोर कशाला? साखळीचं चाक असतंय की. उंचावरच्या व्हॉल्व्हला लावत्यात. स्टोअरमधी एक धूळ खात पडलंय."

दातेरी चाक बसलं, त्यावरून साखळीचा वेढा खाली लोंबला. एका बाजूने ओढली की बंद, दुसऱ्या बाजूने उघडं. पायरी चढायलाच नको.

पंधराव्या दिवशी सबनीस हातात घड्याळ घेऊन उभे राहिले. घंटा झाली. ज्ञानोबाने चार बोटं साखळीत अडकवली आणि विहिरीवर उभा असल्यासारखा ओढत सुटला. व्हॉल्व्ह बंद. सबनीसांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. पूर्वी दोन अंगठ्यांनी लागायचा त्याहून कमी वेळ लागला होता. मला इतका आनंद झाला की मी सबनीसांचाच हात दाबला.

"बाकीच्या व्हॉल्व्हनाही बसवा हे," ते फिटरला म्हणाले.

मी फॉर्मवर 'फिट' लिहिलं. संध्याकाळी ज्ञानोबाने सागाचा अंगठा आणून टेबलावर ठेवला. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या साहेब. लई मेहनतीनं केला व्हता."

निवृत्त होईपर्यंत तो माझ्या खणात होता. त्या फॉर्मवर कामगाराचं काय गेलं एवढंच लिहायला जागा असे. काय उरलं ते मी पुढे समासात लिहू लागलो.