पाण्यापर्यंत जाणारा उतार

आमचं घर परटाचं. धुळ्यात पांझरेच्या काठावर आमचे चार दगड होते. सातबारा कुठलाच नव्हता, पण ते दगड आमचे आहेत हे अख्ख्या काठाला माहीत होतं. दुसऱ्या कुणी त्यावर कपडा आपटला तर माझी आई लांबूनच आवाज द्यायची, आणि तो आवाज पुलावरून जाणाऱ्या सायकलवाल्यालाही ऐकू जायचा. तेराचा पाढा मी तिसऱ्या दगडावर बसून पाठ केला. आई गुडघाभर पाण्यात उभी, चादरी आपटायची, आणि माझं चुकलं की हातातला कपडा थांबायचा. तिला स्वतःला पाढे येत नव्हते. मी अडखळले एवढंच तिला कळायचं.

पुढे लोकांकडे मशिनी आल्या, गिऱ्हाईक कमी झालं, आणि काठाला उंच भिंत आली. भिंतीला खाली उतरायला बावीस पायऱ्या. पायऱ्याही अशा, की दोन धडधाकट माणसांनी एकमेकांना हात दिल्याशिवाय पावसाळ्यात उतरणं नाही. तीस वर्षं पाण्यात उभं राहिल्यावर आईचे गुडघे काय ते राहिले होते? ती भिंतीपाशी यायची, वरून नदी बघायची आणि घरी जायची. मी तिला म्हटलं होतं, "माय, इथून चांगली दिसते की नदी."

"माले नदी देखनी नही," ती म्हणाली. "माले नदीमा पाय टाकना शेतस."

एरवी हे चाललं असतं. पण श्रावणात कानबाई येते, आमची खानदेशची देवी. आमच्याकडे रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, साडी, सगळा थाट. घरातल्या पुरुषमाणसांमागे सव्वा मूठ गहू मोजून रोट होतात, सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. सोमवारी सकाळी गाणी म्हणत बाया तिला पाटावर बसवून नदीवर नेतात. आणि येताना रिकाम्या पाटावर नदीची मूठभर वाळू आणतात. ती वाळू घराच्या चार कोपऱ्यांत टाकायची, तेव्हा कुठे सण पुरा होतो. लग्न होऊन आल्यापासून ती वाळू आईच्याच हातची. पायऱ्या झाल्यावर ते काम वहिनीकडे गेलं. आई भिंतीवर उभी राहून वरून सूचना करायची, आणि वहिनी खालून "हा, हा" करत तिला हवं तिथूनच वाळू घ्यायची.

तीन वर्षांपूर्वी वहिनीचे दिवस भरत आले होते. तिला उतरवणं शक्य नव्हतं. मी तेव्हा नुकती जळगावहून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन धुळ्यात एका खाजगी ऑफिसात लागले होते. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुठेही सांगते, लाजत नाही. तर मी शहाणीने काय केलं? पायऱ्या उतरायचा कंटाळा केला, बांधकामाच्या साइटवरच्या ढिगातून चाळलेली वाळू स्टीलच्या डब्यात भरली आणि आईच्या हातात दिली.

आईने चिमूट घेतली. अंगठ्याने चोळली.

"कोठेनी शे?"

"नदीची."

"नदीनीच शे," आई म्हणाली. "पन कोनती?"

ती ट्रकने आलेली, दुसऱ्याच तालुक्यातली, तापीकाठची वाळू होती. आईने डबा उचलून तुळशीच्या कुंडीत रिकामा केला, आणि त्या वर्षी चारी कोपरे तसेच राहिले. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला ताटात दोन रोट जास्तच वाढले.

पुढच्या वर्षी आमच्या ऑफिसला नदीकाठच्या एका तुकड्याचं काम मिळालं. भिंतीचा थोडा भाग काढून लोकांना पाण्यापर्यंत जाता येईल अशी वाट करायची, आणि पूर आला तरी ती टिकायला हवी. तुकडा नेमका आमच्या दगडांच्या जागेचा. नकाशा मला काढायला दिला. मी साहेबांना म्हटलं, "सर, ही जागा मला बोटांवर पाठ आहे." साहेब हसले. "बोटांवर नको, कागदावर काढा."

मी पंधरा दिवस खपून काढला. पायऱ्यांऐवजी उतार. बारा फूट चालल्यावर एक फूट खाली, या नियमाने. चाकाच्या खुर्चीतला माणूसही जाईल, आणि आईही. मध्ये मध्ये विसाव्याच्या सपाट जागा, दोन्ही बाजूंना स्टीलचा पक्का कठडा. छापील कागद घरी आणून पलंगावर पसरला. घरात नकाशा पहिल्यांदाच आला होता. वहिनीने आधी बाळाला उचलून घेतलं, कागद खराब होऊ नये म्हणून.

आईने चष्मा लावला. वाचता येत नसलं तरी चष्मा लावला.

"पाणी कोठे शे?"

मी निळी रेघ दाखवली. तिने उताराच्या शेवटावर एक बोट ठेवलं, निळ्या रेघेवर दुसरं. मधे दोन बोटांची जागा उरली. "आनि हाई काय?"

"तिथे ओटा आहे. ओट्यावरून नदी दिसेल."

"आखो दिसी!" आई म्हणाली, म्हणजे पुन्हा नुसती दिसणारच. मग तिने विचारलं, पाणी कुठून कुठे वाहतं ते दाखव. मी बाण दाखवला. तिने उतारावरून बोट वरून खाली फिरवलं आणि म्हणाली, "तुन्हा रस्तानं तोंड येता पाणीकडे शे. पूर सिधा तोंडमा घुसी."

मी म्हटलं, सिमेंट आहे, काही होत नाही. तेव्हा तिने मला आमचे दगड समजावून सांगितले. दर पुरानंतर दगड पुन्हा बसवावे लागत. नवखा माणूस दगड पाण्याला आडवा बसवायचा, पहिल्याच लोंढ्यात तो पालथा. आमचे दगड पाण्याच्या चालीने लावलेले आणि जरा कलते. कलत्या दगडावर गाळ राहत नाही, सपाटावर राहतो. "तुन्हा या सपाट जागावर घोटाभर गाळ बठी. कोन काढी? तू?"

सोळा वर्षं शिकून मी ज्या जागेला सपाट म्हणून शाबासकी घेणार होते, तिथे गाळ बसणार हे परटिणीला बोट फिरवताच कळलं होतं. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर आधी वाटलं. मग भाकरी खाल्ली आणि कागद उलटा करून मागच्या बाजूला नवा उतार काढायला बसले.

नव्या नकाशात उतार पाण्याच्या चालीबरोबर खाली जात होता, त्याची पाठ पुराकडे होती. विसाव्याच्या जागा खुर्ची घसरणार नाही इतपत नदीकडे कलत्या केल्या. शेवट ओट्यावर नाही, थेट पाण्यात. काठाला सिमेंटऐवजी तारेच्या जाळीत भरलेले दगड, आणि दगडांमध्ये वाळा आणि लव्हाळा. गवत पुरात झोपतं आणि पुन्हा उठतं.

साहेबांनी कागद बघून कपाळाला हात लावला. "अहो, लोक पाण्यात उतरतील ना!"

"सर, त्यासाठीच तर करतोय."

"आणि पुरात तुमचा कठडा? फांद्या, प्लास्टिक, सगळं त्यात अडकणार. कठड्यासकट उतार उपटून नेईल."

हे मात्र खरं होतं. उत्तर आमच्या मिस्तरी नानांनी दिलं. नाना फायली द्यायला आले होते आणि दारात उभे होते. "ताई, ट्रकना फाळका देखा का कधी? पिन काढी की आडवा." ट्रकच्या मागची ती फळी, पिन काढली की खाली पडणारी. तसाच कठडा करायचा. धरणातून पाणी सोडणार असा निरोप आला की पिना काढायच्या, कठडा उतारावर झोपवायचा, पूर वरून जाऊ द्यायचा. साहेबांनी नानांना आत बोलावलं. मग म्हणाले, "नाना, तुम्ही एवढे दिवस कुठे होतात?" "तुमनाच हाताखाले," नाना म्हणाले.

काम यंदा जूनमध्ये पुरं झालं. मी एक चूक मात्र केलीच. खालच्या विसाव्यावर एक लोखंडी बाकडं बसवलं, जमिनीत पक्कं, पाठीला वेलबुट्टी. नाना म्हणाले होते, "ताई, हाई कसाले?" मी म्हटलं, शोभा येईल.

हल्ली पावसाचं आमच्याकडे असं झालंय की महिनाभर आभाळ कोरडं आणि मग एका दुपारी महिन्याचा पाऊस. पूर यायला पूर्वी दोन दिवस लागायचे, आता दोन तास पुरतात. आषाढ संपता संपता एका दुपारी निरोप आला. नानांच्या माणसांनी पिना काढल्या, कठडा झोपवला, आणि तासाभरात उतार दिसेनासा झाला. आई भिंतीशी छत्री घेऊन उभी होती. कानबाईला बारा दिवस उरले होते. तिने तारखेचं नावही काढलं नाही, पण रोज संध्याकाळी विचारायची, "उतरनं का पाणी?" मी म्हणायची, "उतरतंय." उतार वाहून गेला तर माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होईल, पण आईला पुन्हा बावीस पायऱ्यांवरून वहिनीकडे बघत उभं राहावं लागणार होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. मी आणि नाना खाली गेलो. उतार जागेवर. विसाव्यांवर बोटभर गाळ, तोही बराचसा आपणहून घसरून गेलेला. वाळा चिखलात लोळून पुन्हा मान वर काढत होता. आणि माझं बाकडं! त्याच्यावर फांद्या, गोणपाट, कुणाची तरी लाल साडी, चपला, जलपर्णी असं काय काय अडकून मोठा ढीग झालेला, आणि त्याच्या ओढीने बाकड्याखालची फरशी उखडलेली. बाकी उताराला एक ओरखडा नाही.

नाना साडीकडे बघून म्हणाले, "ताई, शोभा तं उनी." शोभा आली होती खरी.

बाकडं त्याच दिवशी काढलं. फरशी दोन दिवसांत बसवली. कठडा उभा केला, पिना लावल्या.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. पाट वहिनीच्या डोक्यावर. मी ऑफिसच्या ओळखीतून एक चाकाची खुर्ची आणून ठेवली होती. आईने तिच्याकडे असं पाहिलं की मीच ती मागे ढकलली.

"मी काय धुनानं गाठोडं शे का, गाडीवर टाकीसन लई जावाले?"

मग ती चालत निघाली. एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या खांद्यावर. गाणी म्हणणाऱ्या बाया पुढे गेल्या, परत मागे आल्या, आमच्या चालीने चालू लागल्या. पहिल्या विसाव्यावर ती थांबली. दुसऱ्यावर थांबली आणि पायाने जमीन चाचपली. "कलती शे," एवढंच म्हणाली. आमच्या मागून एक म्हातारे आबा खरंच चाकाच्या खुर्चीतून आले, नातसून ढकलत होती, आणि आम्हाला ओलांडून पुढे गेले. आई त्यांना म्हणाली, "आबा, हळू, पोरगीनी नवी सडक शे!"

शेवटी पाणी आलं. आईने चपला काढल्या आणि सरळ घोट्यापर्यंत आत गेली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, तिने वाकून पदराचं टोक पाण्यात बुडवलं, पिळलं आणि सवयीने उताराच्या काठावर दोनदा आपटलं.

कानबाईची आरती झाली, निरोप झाला. आईने तळाशी हात घालून वाळू काढली, चिमूट चोळली, आणि मग मूठ पाटावर ठेवली. ही कुठली, हे तिने विचारलं नाही.

वर येताना ती उताराच्या तोंडाशी लावलेल्या निळ्या पाटीपुढे दम घ्यायला थांबली. "काय लिखेल शे? वाच."

मी वाचलं. "सावकाश चालावे. कठड्याला धरून चालावे. पाणी वाढत असताना खाली उतरू नये." चौथ्या ओळीपाशी मी थांबले. माझा पाढा चुकला की थांबायची, तशीच ती थांबून बघत राहिली. मला वगळता आलं असतं, पण वाळूच्या डब्यानंतर मी आईशी खोटं बोलत नाही.

"येथे कपडे धुण्यास मनाई आहे."

"कोनी लिखं हाई?"

"मीच."

आई एवढी हसली की कठड्याला धरून राहिली. बायांनाही सांगितलं. "देखा माय, परटीननी पोर! इतली शिकाडी, आनि तिनीच माले नदीवर मनाई करी!" ओला पदर खांद्यावर टाकून ती पुढे चालू लागली. "आते तं व्हयी गयं धुनं."

घरी चार कोपऱ्यांत वाळू पडली. मंगळवारी ऑफिसात गेल्यावर मी साहेबांसमोर एक चिठ्ठी ठेवली. चौथ्या ओळीत 'कपडे धुण्यास' काढून 'साबण वापरण्यास' करावं, नदीला त्रास साबणाचा आहे, पाण्यात पदर पिळण्याचा नाही. साहेबांनी कारण विचारलं. मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात रंगारी आला.