हुकाला बांधलेला दोरा

चंदूदादा गेल्याचं मला त्यांच्याच दुकानातून कळलं. आमच्या वॉशिंग सेंटरचा पाइप फुगला होता, म्हणून नेहमीसारखा उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये फोन लावला. उचलला त्यांच्या मुलानं. "अदी, बाबा परवा गेले..." म्हणाला. अदी म्हणजे सिंधीत बहीण. दादाही मला तशीच हाक मारायचे. पाइपाचं नाव काढायचं मला सुचलंच नाही.

बदलापूर रोडला लागून आमच्या भातशेतीचा शेवटचा तुकडा उरला होता. घरातल्या सगळ्यांना तो बिल्डरला द्यायचा होता. मला तिथे 'स्वतःची गाडी स्वतः धुवा' असं सेंटर काढायचं होतं. जागा सासूबाईंच्या नावावर, आणि त्यांचं काही ठरत नव्हतं; तोवर सेंटर लावून बघ, एवढंच म्हणाल्या. चंदूदादा खरं तर पाइप विकणारे, पण बसवायला स्वतः आले. जमिनीवर लोळणारा पाइप गाडीखाली येतो, म्हणून त्यांनी तो वरच्या फिरत्या दांडीवरून घेतला. पाण्याची गन टांगायचा हुक मात्र सासूबाईंना उभं करून, त्यांचा हात पोचेल तिथे ठोकला. "मालकीन ये है ना?" म्हणाले. मला रागच आला. राबणार मी, आणि मालकीण ह्या!

उद्घाटनाला सासूबाईंनी नारळ फोडला, मशीनला हळद-कुंकू लावलं आणि पूजेचा लाल दोरा गनला गुंडाळला... घट्ट, दाबलेल्या चापासकट. कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी मोटार सुरू केली मात्र, गन जी उसळली, ती भटजी, पेढे, चुलत सासरे, सगळ्यांना आंघोळ घालूनच थांबली. तीही चंदूदादांनी धावत जाऊन बटण बंद केलं म्हणून. चुलत सासरे ओरडले, "सांगत व्हतो ना, इकून टाका जागा!" सासूबाईंचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, संपलं सगळं.

चंदूदादा नखशिखांत भिजले होते. त्यांनी शांतपणे दोरा सोडवला, हुकाला बांधला आणि गन सासूबाईंच्या हातात दिली. "अम्मा, दोरा इधर. अब मेरी स्कूटर धोओ. पहला गिऱ्हाईक मैं." सासूबाईंनी पदर खोचला. स्कूटर धुता धुता त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेना. "भावजी, जागा ऱ्हऊ दे," एवढंच चुलत सासऱ्यांना म्हणाल्या. त्या एका वाक्यावर आमचं घर चाललंय. चंदूदादांचे हे उपकार मी त्यांना कधी बोलून दाखवले नाहीत... ते हसण्यावारीच नेणार होते.

मोटार बंद केली तरी पाइपात पाणी कोंडून राहतं. ते सोडून मगच गन टांगायची, ही त्यांची शिकवण. गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा नवा पाइप बसवून गेला. सासूबाईंनी हुकाला नवा दोरा बांधला. संध्याकाळी मोटार बंद झाल्यावर त्या गन घेऊन, पूर्वी स्कूटर उभी होती त्या जागेकडे वळल्या आणि चाप दाबला.

"ह्यो पानी चंदूचा," म्हणाल्या, आणि हात न ताणता गन हुकाला टांगली.