सयांची संध्याकाळ

खिन म्याने सलग तिसऱ्या सकाळी इन्ले तळ्याच्या पश्चिम काठावर घडीचं स्टूल मांडलं, आणि सलग तिसऱ्या सकाळी समोरचा डोंगर धुक्यातून बाहेर आला नाही. मांडीवरच्या फळीला चाळीस वर्षांपूर्वीचा जाड कागद चिकटवलेला. वरच्या भागात जलरंगातलं आभाळ: करडे ढग, त्यांच्या पोटाखाली पिवळी कड. त्याखाली पेन्सिलीने डोंगराची नुसती रेघ, डाव्या बाजूला एक खिंड. बाकी कागद कोरा.

कागद तिच्या सयांचा, म्हणजे गुरूंचा. ऊ बा न्युंट यांनी ताउंजीच्या शाळेत तिला चित्रकला शिकवली. पुढे ती त्याच शाळेत बाई झाली, निवृत्तही झाली, पण रविवारी सयांच्या मागे फळी घेऊन हिंडणं काही सुटलं नाही. लग्न राहून गेलं. लोक बोलायचे ते बोलले. “सूर्य हलला म्हणून तू हलायचं नाही. आधी सावल्या पकड आणि त्यांच्याशी इमान राख,” हे सयांचं एकच वाक्य तिने जन्मभर ऐकलं.

आता सया दवाखान्यात होते. उद्या दुपारी हृदयाची शस्त्रक्रिया, आणि डॉक्टर बोलताना नजर चुकवत होते. आठवड्यापूर्वी सयांनी उशाखालून हा कागद काढून दिला होता. “पुरं करून आण. घरी बसून नाही, तिथे जाऊन. हाच उजेड असेल तरच ब्रश लाव. आत जायच्या आधी मला बघायचंय.”

कुठे बसून काढलंत, हे तिने विचारलं नाही. उजेड वाचता येत नाही का तुला, असं म्हणाले असते.

नावाडीण न्यो न्यो वल्हं आडवं टाकून होडीत बसली होती. खिन म्याला ती अमा, म्हणजे ताई म्हणे. “काय अमा, आजही कोरंच? माझे टोमॅटो याच्याआधी पिकतील.”

“धुकं हटू दे.”

“बघू तरी.” न्यो न्यो उठून जवळ आली, मान वाकडी करून तिने कागद पाहिला आणि फस्सकन हसली. “धुकं हटून काय होणार? हा डोंगर तिकडचा नाहीच. ही खिंड आमच्या घरामागची! तुमच्या पाठीमागची, अमा. पलीकडच्या काठावरून दिसते. तिथे ऊन उगवत नाही, बुडतं.”

“शक्य नाही. सयांनी उभ्या आयुष्यात संध्याकाळ रंगवली नाही. संध्याकाळ नटवी असते, भोळ्या माणसाला फसवते, म्हणतात ते.”

“मग एकदा फसले असतील. बाप्ये सगळंच सांगतात होय?”

तीन सकाळी वाया गेल्या होत्या. हातात एकच संध्याकाळ उरली होती, आणि दक्षिणेकडून ढग चढत होते.

दुपारी दोघी पलीकडे गेल्या. खिंड अगदी रेघेबरहुकूम डावीकडे आली. पण चार वाजले, पाच वाजले, आभाळ राखेसारखं. न्यो न्योने पुढे केलेला भात तिने हातात धरला आणि तसाच परत दिला. दोनदा पाणी बदललं, उगाचच.

सव्वापाचला ढगाखालून ऊन सरपटत आलं. तीच पिवळी कड. तिने मनगट गुडघ्यावर दाबलं. निळा आणि तांबूस एकत्र कालवून डोंगर एका दमात उतरवला. जलरंगात दुसरी संधी नसते. मग खिंडीतला उजेड. मग पाणी.

आणि टप, टप, टप. ओल्या डोंगरावर पावसाचे तीन थेंब.

“छत्री!” ती ओरडली, आणि विचार करायच्या आत फडक्याने तिन्ही टिपून घेतले. वर पाहिलं तर उजेड गेलेला.

दुसऱ्या दिवशी सया खाटेवर हिरव्या कपड्यांत तयारच होते. दाराशी ढकलगाडी उभी होती. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

“सापडली म्हणायची तुला जागा.”

“एका नावाडिणीने दाखवली, सया.”

“हं.” त्यांचं बोट डोंगरावरून सरकत एका फिक्या डागावर थांबलं. “इथे काय पुसलंस?”

“पाऊस आला. थेंब पडले.”

“मग पडू द्यायचे होते! आलेला पाऊस पुसणारी तू कोण?”

परिचारिका म्हणाली, “आजोबा, चला आता.”

“थांब गं पोरी,” म्हणत ते खिन म्याकडे वळले. “किती थेंब होते?”

“तीन.”

“दाखव.”

खिन म्याने त्यांचं बोट धरलं आणि एकेका डागावर टेकवलं. तिसऱ्यावरून त्यांनी ते उचललंच नाही. शेवटी त्यांना ढकलगाडीवर घेताना परिचारिकेनेच हलकेच कागद काढून घेतला.