धारपबाई आणि माझ्या आईची बोटे

डॉ. उषा धारप यांना मी प्रथम पाहिले ते शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत. बाईंनी एका विद्यार्थ्याला उजवा हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावले आणि आम्हाला त्याचा डावा हात धरून बघायला सांगितले. पाण्याबाहेरचा तो हातही गार पडत चालला होता. बाई म्हणाल्या, "थंडी एका हाताला लागली, पण शरीर सगळीकडच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. मेंदू आणि हृदयाचं रक्त आधी राखायचं, बोटांचं नंतर."

इतरांनी हे वहीत उतरवून घेतले. मला मात्र घरी जाईपर्यंत धीर निघेना. माझी आई नवी मुंबईतल्या करावे गावची. जवळच्या पावणे इथल्या एका मासळीच्या कारखान्यात ती दिवसभर बर्फात हात घालून कोळंबी सोलायची. काही महिने तिची बोटे पांढरीफटक पडत होती आणि आता उजव्या तर्जनीचे टोक काळे पडू लागले होते. दवाखान्यातल्या सर्जननी सांगितले होते, "थोडे दिवस वाट पाहू, नाहीतर टोक कापावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठले. "मी शिकवते, उपचार करत नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि ओळखीच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे आम्हाला स्वतः घेऊन गेल्या. औषधे सुरू झाली, बर्फातले काम सुटले. बाईंनी आपला लोकरीचा स्वेटर आईला दिला. "नुसते हात शेकून भागणार नाही, मावशी. सगळं अंग उबदार ठेवा."

तिथल्या दमट हवेत आई स्वेटर घालून ओट्यावर बसू लागली. तरीही काळेपणा वाढत होता. शेजारचे बोटही निळसर दिसू लागले. रोज सकाळी आईचा हात उजेडात धरून काळेपणा कुठवर आला ते मी बघायचे.

कॉलेज सुटल्यावर बाई रिक्षाने करावेला येत. एका संध्याकाळी त्यांचे लक्ष आईच्या दातांकडे गेले.

"मावशी, मिश्री लावता?"

आईने पदराने तोंड झाकले. मग म्हणाली, "लावते बाई. कामाव जेवाला येल नाय मिलायचा, तवापासून सवय हाय."

बाई रागावल्या नाहीत. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बर्फ जे करतो तेच तंबाखू करते. तुम्ही मिश्री लावलीत की बोटांकडे जाणारं रक्त आटतं. औषध एकीकडून वाट मोकळी करतंय, तुम्ही दुसरीकडून बंद करताय."

"सोरली तं बोट वाचंल?"

"ते मी सांगू शकत नाही. बाकीची वाचतील असं वाटतं."

आईने मिश्री सोडली. पहिले काही दिवस तिचे डोके दुखायचे, चिडचिड व्हायची, आणि बोटांत फरक दिसत नव्हता. मग शेजारच्या बोटाचा निळेपणा ओसरला. तर्जनीचे काळे टोक मात्र सुकून गळून पडले. बोट थोडे आखूड झाले, पण सर्जननी हत्यार लावले नाही.

एवढ्यावर बाई थांबल्या नाहीत. त्या कारखान्याच्या मॅनेजरकडे गेल्या. "बर्फाशिवाय धंदा कसा चालणार, मॅडम?" असे म्हणून त्याने त्यांना दोनदा परत पाठवले. तिसऱ्या खेपेला तो सर्व बायकांना जाड हातमोजे द्यायला कबूल झाला. आईला बर्फापासून दूर, वजनकाट्यावर काम मिळाले.

पुढे मी त्यांच्याच विभागात रुजू झाले. एकदा चहा पिताना मी विचारले, "बाई, त्या वेळी तुम्ही इतक्या शांत कशा होतात?"

"शांत?" बाई म्हणाल्या. "सगळी बोटं जातील की काय, या धास्तीनं मला घरी बसवत नसे. म्हणून तर रोज येत होते."

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आता त्यांनी विश्रांती घ्यावी असे मी म्हणणार नाही, त्या ऐकणारही नाहीत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहावी, त्यांना उदंड आयुष्य मिळावे, आणि आमच्यापैकी कुणाचा जीव घाबरला तर ज्या दारावर थाप मारावी ते दार त्यांचेच असावे, एवढेच माझे मागणे आहे.