दारातली खुंटी

खासदाराच्या घरी जाताय, कोट घाला, असे साताऱ्याहून निघताना बायकोने बजावले होते. घातला, आणि घाटकोपरला उतरेपर्यंत तो घामाने पाठीला चिकटला. मुंबईची ही उपनगरे मला कधी मानवली नाहीत. ना धड गाव, ना धड शहर.

दिनकर जीप घेऊन न्यायला आला होता. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. मी शाळामास्तर झालो, तो बांधकाम खात्यात इंजिनियर. पुढे नोकरी सोडून निवडणुकीला उभा राहिला आणि थेट लोकसभेत जाऊन बसला. पूर्वी त्याला काही विचारले की तो हो म्हणे किंवा नाही म्हणे, तिसरे काही नाही. त्यापायी वरिष्ठांशी भांडला, बदल्या सोसल्या. लोकांनी मते दिली ती याच स्वभावाला.

भांडुपच्या एका म्हातारीने बोलावले होते, तिकडे आधी जाऊ म्हणाला. विक्रोळीपर्यंत कारखान्यांचा धूर खाल्ला. पुढे मिठागरे लागली, उन्हात डोळ्यांना टोचणाऱ्या मिठाच्या राशी. खाडीकडच्या आगरी वस्तीपाशी जीप चिखलात रुतली, तेव्हा ड्रायव्हरला तिथेच सोडून आम्ही पायी निघालो. माझ्या कोटाची पार वाट लागली.

त्या म्हातारीचे, गोमीबाईचे, घर कुडाचे (काठ्या विणून मातीने लिंपलेल्या भिंतींचे). अंगणाच्या मधोमध एक लाकडी खुंटी होती, तिला शेंदूर फासलेला, वर झेंडूची माळ. इंजिनियर असताना मोजणीला आलेल्या दिनकरनेच ती ठोकली होती. वस्तीची विहीर खारट, गोड्या पाण्यासाठी बायकांना लांब जावे लागे. मते मागताना दिनकरने नळ देतो म्हटले होते. साहेबाची खुंटी आपल्या दारात आहे, म्हणजे नळ इथेच येणार, असे म्हातारीने धरून ठेवले आणि रोज खुंटीची पूजा सुरू केली. त्याच भरवशावर तिच्या मुलाने छपराचे गवत उतरवून कौले आणून ठेवली होती.

तिने तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (सुक्या बारीक कोळंबीची) चटणी वाढली. चटणी झकास होती, पण दिनकर नुसते तुकडे मोडत होता. हात धुताना मी त्याला काय झाले विचारले.

"ती नळाची खुंटी नाही रे. नव्या रस्त्याचा मध्य आहे. हे घर जाणार," तो हळूच म्हणाला.

तिला सांग म्हटले. रस्त्याची रेघ हलवायला दिल्लीत पुष्कळ खटपट केली, हलली नाही, आता कोणत्या तोंडाने सांगू, असे तो म्हणाला. तेवढ्यात गोमीबाई नारळ घेऊन आली.

"सायब, खुंटी तुमीच मारली. नारल पन तुमीच फोरा."

त्याने फोडला. एक वाटी गोमीबाईने प्रसाद म्हणून माझ्या पिशवीत घातली. तिच्या मुलाने विचारले, कौले चढवू ना आता?

"बघू," दिनकर म्हणाला.

हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि मला त्याचा विलक्षण राग आला. जीपपाशी पोचल्यावर छत्री विसरल्याचे निमित्त करून मी एकटा मागे गेलो आणि गोमीबाईला सगळे सांगून टाकले. ती रडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. पदराला हात पुसत खुंटीजवळ बसली.

"मंग त्यांनी नारल कशाला फोरला?" तिने विचारले.

मी तसाच परतलो. सांगितलंस का, दिनकरने विचारले. हो म्हटले. बरे केलेस म्हणाला, आणि ड्रायव्हरला जीप घाटकोपरकडे घ्यायला सांगितले.

साताऱ्याला बायकोने पिशवीतून नारळाची वाटी काढली. आमटीत घालू का, तिने विचारले. नको म्हटले. दिनकर पुढची निवडणूकही जिंकेल. जिंकावीही, कारण त्याच्याइतका प्रामाणिक माणूस तिथे दुसरा नसेल. मला भीती वाटते ती याचीच.