मिशीची राखण

आमच्या घरात माझ्यापेक्षा माझ्या मिशीला जास्त मान आहे, आणि त्याला कारण आहे. लहानपणी मी चालता चालता पडायला लागलो, जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात रोवून स्वतःला वर ढकलायला लागलो, तेव्हा आईनं मला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझ्या पोटऱ्या दाबल्या, मला खाली बसवून उठायला लावलं आणि मग आईला दाराबाहेर नेऊन सांगितलं की हा स्नायूंचा आजार आहे, स्नायू हळूहळू विरत जातात, औषध नाही, आणि याला मिसरूड फुटलेलं बघायला मिळेल अशी आशा धरू नका. डॉक्टरांना वाटलं मला ऐकू येत नाही. पण माझे पाय अधू होते, कान नाही.

पुढं आजाराचा प्रकार त्यांना वाटला त्याहून बराच संथ निघाला. पाय गेले, मग खांदे गेले, पण मी काही गेलो नाही. ओठावर पहिली काळी रेघ उमटली तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी विचारलं, पोरगं पास झालं का? आई म्हणाली, "नाय, मिसरूड फुटलं." काकूंना पेढा गिळावा की थुंकावा कळेना. त्या दिवसापासून ही मिशी माझी नाही, आईची आहे. मी फक्त ती बाळगतो.

आता माझी मान हलते, बोटं थोडी हलतात, आणि जीभ, आईच्या मते, गरजेपेक्षा जास्त हलते. औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत आमचं तळमजल्यावरचं घर आहे. मी चाकाच्या खुर्चीत खिडकीशी बसून पुस्तकांची प्रुफं तपासतो. बाकी सगळं आईच्या हातांनी होतं. उठवणं, बसवणं, आंघोळ, घास, टाचा ताणून धरणं, रात्री उठून कूस बदलणं. मला स्वतःला खोकतासुद्धा येत नाही. मी दम घ्यायचा, आईनं बरगड्यांखाली दोन्ही तळवे ठेवून बरोबर वेळेला दाबायचं, तेव्हा कफ सुटतो. आमच्याकडं खोकला हे दोघांचं काम आहे. म्हणून जेवताना विनोद करायला बंदी आहे. एकदा कढी पिताना मी आईला हसवायला गेलो, कढी माझ्याच घशात अडकली, आणि आई मला दाबता दाबता शिव्या देत होती.

वडील गेल्यापासून हे सगळं तिनं एकटीनं केलं. कुणी मदतीला माणूस ठेव म्हटलं की ती म्हणायची, "माणूस येतंय आन् जातंय. ह्याची सवय कुणाला हाय?" खरं सांगायचं तर मलाही कुणा परक्याच्या हातात जायची भीती वाटत होती.

मग मिशीचा प्रकार झाला. धाकट्या बहिणीचं सासर वेरूळला आहे आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीचा साखरपुडा होता. आई माझी दाढी करायला बसली. साबण लावला, वस्तरा फिरवला आणि एकदम गप्प झाली. दाढी करताना ती कधी गप्प नसते. मग ती उजवीकडं आली. मग पुन्हा डावीकडं. थोडं इकडून, थोडं तिकडून असं बराच वेळ चाललं. मी आरसा मागितला तर म्हणाली, "आरशाला काय लागलंय? आता अशीच पद्धत हाय." शेवटी संध्याकाळी टीव्हीच्या काळ्या काचेत मला दिसलं की नाकाखाली फक्त माशीएवढी मिशी उरली आहे.

साखरपुड्यात मी खोकल्याचं निमित्त करून तोंडाला मास्क लावून बसलो. सगळ्या वऱ्हाडानं माझ्या छातीची चौकशी केली. दोघांनी अडुळशाचा काढा सुचवला. बहिणीला मात्र माझा खोकला पुरता माहीत आहे. तिनं बाजूला येऊन मास्क ओढला, बघितलं, आणि हसायला लागली. मग हसता हसता थांबली.

"दादा, आईला दिसत नाही का?"

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळली. गेलं वर्षभर आई बल्बवर बल्ब बदलत होती. वीज कंपनी दिवसेंदिवस पातळ वीज सोडते, असं तिचं म्हणणं होतं. आमच्या एका खोलीत एवढा उजेड झाला होता की लग्नाचं कार्यालय वाटावं. खुंटीवरच्या रेनकोटला तिनं दोनदा "बसा ना" म्हटलेलं मी स्वतः ऐकलं होतं, आणि मला वाटलं होतं की ती गंमत करते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि चांगला पिकला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, उशीर केलात तर अवघड होईल. नंतर काही आठवडे वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. आईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर विषय मिटवला. "ओझं म्हणजे हाच की. ह्याला न उचलून कसं चालंल? दिसतंय तेवढं बास हाय मला. ह्याचं अंग मला हातानं कळतंय."

मी समजावलं, चिडलो, एक दिवस जेवणारही नाही म्हणालो. ती म्हणाली, "नको जेवू. भरवायचं तरी वाचंल." शेवटी बहिणीनं आजाऱ्यांची देखभाल करणारी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोत सांगून माणूस बोलावला आणि आईनं अट घातली. येणाऱ्याची परीक्षा ती घेणार. त्यानं पास होऊन दाखवलं तर ऑपरेशन.

परीक्षा अशी की मी खुर्चीत बसून बघायचं आणि माझ्या पलंगावर आईनं निजायचं. अगदी माझ्यासारखं, हातपाय ढिले टाकून. "मी आता तो हाय," ती सांगायची. "उचला मला."

पहिला गडी तालमीतला होता. त्यानं बगलेत हात घालून तिला ओढलं. माझ्या खांद्यात जीव नाही, मला असं धरलं तर मी हातातून निसटून खाली जातो. आई कळवळून म्हणाली, "ज्वारीचं पोतं हाय का मी?" तो नापास. दुसरा भाविक निघाला. "मावशी, तुम्ही आईसारख्या, तुम्हाला कसा हात लावू?" म्हणत त्यानं कूस बदलायच्या ऐवजी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आई झोपल्या झोपल्याच म्हणाली, "सुखी राहा," आणि त्याला वाटेला लावलं. तिसऱ्याच्या कानात मोबाइलचं बोंड खोचलेलं होतं. आईनं पाणी मागितलं तर तो म्हणाला, "हां, ऐंशी रुपये किलो." तो दुसऱ्याच कुणाशी बोलत होता.

या सगळ्यात माझी करमणूक होत होती, पण एक गोष्ट झोंबत होती. आई माझी नक्कल फार चांगली करायची. "आये, पाणी. नाय, गार नको. कोमट बी नको. आन् उशी जरा खाली. एवढी नाय गं." मी बहिणीला विचारलं, मी खरंच असा बोलतो का? ती म्हणाली, "आई तरी कमी करून सांगतेय."

चौथा माणूस सोयगावकडचा होता. चांगला पन्नाशीचा, घरी मेंढरं, बोलण्यात कसलीच घाई नसलेला. त्याचं आल्या आल्या काही बरोबर झालं नाही. चहा सांडला, पलंगाच्या पायाला ठेचकाळला. आई पलंगावर निजली आणि म्हणाली, "मी तो हाय. कूस बदला."

"कोणती कूस बरी वाटंल?" त्यानं विचारलं.

आमच्याकडं हे कुणी आईला विचारलेलं नव्हतं. "डावी," ती म्हणाली.

त्यानं तळहात एकमेकांवर घासून ऊन केले, चादरीची कड धरून तिला हळू वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली. उशी चुकली. आईनं सांगितलं, त्यानं "बरं" म्हणून बदलली. टाचा मोकळ्या राहतील असं बघितलं, पाठीला हात लावून पदर सारखा केला. "आता मी हाक मारीपर्यंत बसा," आई म्हणाली. तो स्टुलावर बसला. मी खुर्चीत बसलो. हाक काही आली नाही.

थोड्या वेळानं घोरणं ऐकू आलं.

तो माझ्याकडं वाकून हळूच म्हणाला, "परीक्षा झाली का?"

"बसा," मी म्हणालो.

आमची आई दिवसा झोपत नाही. रात्रीही सलग झोपत नाही, कारण माझी कूस बदलायला उठते. पलंगावरच्या मला ती रोज बघते, पण खुर्चीतून पलंगावरच्या तिला मी कधी बघितलं नव्हतं. ती फार लहान दिसत होती. तोंड उघडं होतं, एक हात उशीवर उलटा पडला होता आणि माझी कूस बदलायची काळजी तिला नव्हती. तिला आजवर कुणी असं वळवून, उशी देऊन निजवलं नसेल, हे मला तेव्हा कळलं, आणि मला रडू आलं. माझा हात डोळ्यांपर्यंत जात नाही. त्या माणसानं खिशातला रुमाल काढून माझे डोळे पुसले आणि विचारलं, "नाक बी पुसू का?"

मी हो म्हणालो. मला लघवीलाही लागली होती, पण ते मी सांगितलं नाही. भांड्याचा आवाज झाला असता.

दुपारी बहीण डबा घेऊन आली आणि दारातच "आई पलंगावर का?" म्हणून घाबरली. आम्ही दोघांनी एकदम "शू" केलं. आई उठली ती उन्हं कलल्यावर. आमच्याकडं बघून म्हणाली, "मी डोळे मिटून ध्यान ठेवलं होतं."

"घोरत होतीस."

"तसं केल्याबिगर माणूस काय करतंय ते कळत नाय," ती म्हणाली. मग पदर नीट करत बहिणीला म्हणाली, "डॉक्टरला तारीख विचार."

ऑपरेशन झालं. पट्टी काढून आई घरी आली ती काळा चष्मा घालून, वाकायची आणि उचलायची मनाई घेऊन. सोयगावच्या त्या माणसानं मला आधीच आंघोळ, दाढी करून खिडकीशी बसवलं होतं. ती स्टूल ओढून समोर बसली, चष्मा कपाळावर सरकवला, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं. आमच्या एवढ्या बल्बांच्या उजेडात तिला डोळे बारीक करावे लागले.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"गप बस." ती बघत राहिली. "मिशीची डावी बाजू वर गेलीय."

"मी ह्यांना म्हणलं होतं, हसू नका," पाठीमागून उत्तर आलं.

आईचं बोट माझ्या कानशिलाकडं आलं आणि तिथंच थांबलं. "हे काय हाय?"

"केस आहेत, आई. पिकलेत. झालं वर्ष-दीड वर्ष."

"मला कसं नाय दिसलं?"

मग पाठीमागचा तो बिचारा मदतीला धावला. "कलप लावू का, मावशी? औरंगपुऱ्यातून आत्ता आणतो."

"हात लावून तर बघ," आई म्हणाली. तिनं पुन्हा एकदा दोन्ही कानशिलं नीट बघितली, मग डोक्याच्या मागून बघितलं. मग कमरेची पिशवी उघडून बहिणीच्या हातात नोट ठेवली. "पेढे आण. गल्लीत वाट."

"ऑपरेशनचे म्हणून ना?"

"ऑपरेशनचे कशाला? सांग, आमच्या पोराचे केस पिकले."