जेवायला गेलेला गोलकीपर

हलगुंडीत बापूसो मगदुमांचं घर विचारलं, की सांगणारा आधी हसतो. “कोण, जेवायला गेलेला गोलकीपर? तालमीच्या मागं जावा, पावणं.” सत्तरीतल्या बापूसोंना हे माहीत आहे. त्याचं आता काही वाटत नाही, असं ते सांगतात.

कोल्हापूर सोडून सीमेकडं निघालं की हे बाजाराचं गाव लागतं. एका गल्लीत जैन शेतकरी, दुसरीत लिंगायत व्यापारी आणि मधे तालीम. पन्नासेक वर्षांपूर्वी तालमीची पोरं कोल्हापुरात पेठांचे फुटबॉल सामने बघून आली आणि येताना एक चेंडू घेऊन आली. बघता बघता कुस्ती मागं पडली. आज आखाड्याच्या लाल मातीवर गोलच्या जाळ्या आणि मैदान आखायच्या फक्कीची पोती पडलेली असतात. मारुतीला हार मात्र रोज चढतो, आणि संघाचं नावही तालमीचंच आहे.

पहिल्या संघातले निम्मे खेळाडू जैन होते. दिवस मावळला की त्यांच्या घरी जेवण बंद, पाणीसुद्धा नाही. त्यामुळं हलगुंडीत सामना भर उन्हात, तीनला सुरू व्हायचा. तसा नियम कुणी केला नव्हता. दुसरी वेळ कुणाच्या डोक्यातच आली नाही. एका उन्हाळ्यात उचगावच्या संघाशी अंतिम सामना होता. पाहुण्यांचा टेम्पो वाटेत बंद पडला, सामना उशिरा सुरू झाला आणि बरोबरीत सुटून टायब्रेकरवर गेला. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला होता. बापूसोंच्या आईनं कुंपणापाशी येऊन हाक मारली. विशीतल्या बापूसोंनी अंगातली जर्सी काढली, फुलबॅक सिद्धाप्पाच्या हातात दिली आणि ते घरी गेले. सिद्धाप्पा आयुष्यात पहिल्यांदा गोलमध्ये उभा राहिला. उचगावनं पाच किका मारल्या, पाचही आत गेल्या.

“ह्यानं भाकरी खाल्ली, मी गोल खाल्लं,” सिद्धाप्पा अजून सांगतो. तोच आता तालीम मंडळाचा सेक्रेटरी आहे. बापूसो गोलकीपर तयार करतात. सामन्यात गोलच्या मागं, जाळीपासून दोन हातांवर त्यांची खुर्ची असते.

यंदा मैदानावर चार खांब उभे राहिले, त्यांच्यावर दिवे चढले. अंतिम सामना रात्री सातला, असं सिद्धाप्पानं जाहीर करून टाकलं. समोर पुन्हा उचगावच होतं. अडचण निघाली ती वृषभची. वृषभ बापूसोंच्या चुलतभावाचा नातू, कागलला लेथवर काम करणारा, संघाचा गोलकीपर. गेल्या पर्युषणात त्यानं सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम घेतला होता.

“आज्जा, मी खेळतो. पाणी सकाळी पितो,” तो म्हणाला.

“एप्रिल हाय. दुपारभर लेथवर उभा राहून येणार तू. टायब्रेकरपर्यंत टिकशील काय?”

“तुमच्यासारखा घरला तर जाणार न्हाय.”

गोलमध्ये कोण उभं राहणार, हे ठरवणं बापूसोंकडं होतं. दुसरा गोलकीपर विश्वजित कधीही काहीही खायचा, पण उंच चेंडू आला की त्याचा अंदाज चुकायचा. वृषभला बसवायचं, तर त्याच्या नियमासाठी बसवल्यासारखं होणार. खेळवायचं, तर तहानेनं तो मधेच कोसळण्याची भीती. दोन दिवस विचार करून बापूसो सिद्धाप्पाच्या दुकानात गेले.

“सामना साडेपाचला घे.”

“आणि दिवं कशाला लावल्यात? उन्हात पणती दावायची व्हय?”

“दुसऱ्या हाफात लाव की. दिवस मावळायच्या आधी पाच मिनिटं खेळ थांबव. पोरगं पाणी पिईल, दोन घास खाईल.”

“उचगाववाले हसतील, बापू.”

“हसू देत. त्यास्नी सवय हाय.”

उचगावच्या संघाचे सयाजी खरंच हसले. “मागल्या खेपेला गोलकीपर घरला गेलता. आता ताटच मैदानात आणताय. सुधारणा हाय की!” मग म्हणाले, “थांबू. पाणी आमच्याबी पोरास्नी लागतंय.”

सामना साडेपाचला सुरू झाला. दुसऱ्या हाफात एक-एक अशी बरोबरी असताना रेफरीनं ठरल्याप्रमाणं शिट्टी वाजवली. वृषभ जाळीमागं आला. बापूसोंनी दहीभाताचा डबा उघडला, तांब्या पुढं केला.

“पोटभर खाऊ नको. पाणी पी.”

कुंपणावरनं आरोळी आली, “वाढा, वाढा! पंगत बसली!” कुणीतरी शेंगदाण्याची चटणी मागितली. वृषभनं खाली मान घालून चार घास खाल्ले, तांब्या रिकामा केला, चूळ भरली आणि हातमोजे चढवले. ऊन उसामागं गेलं. सिद्धाप्पानं बटण दाबलं, तसं मैदान पांढरं झालं आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या.

गोल पुढं कुणाचाच झाला नाही. टायब्रेकर आला. किका बापूसोंच्या समोरच्याच गोलवर मारायच्या होत्या.

मागून एकानं हाक दिली, “बापूअण्णा, घरला जायचं न्हाय व्हय?”

“जेवून आलोय,” बापूसो वळून न बघता म्हणाले.

वृषभनं उचगावची तिसरी किक उजवीकडं झेपावून बाहेर काढली. पण हलगुंडीच्या दोन किका वाया गेल्या होत्या. उचगावची पाचवी आत गेली आणि टायब्रेकर चार-तीन असा संपला. वृषभ काही वेळ गुडघ्यांवर बसून राहिला, मग उठून त्यानं पाचव्या किकवाल्याशी हात मिळवला.

लोक पांगल्यावर सिद्धाप्पा खुर्चीजवळ आला.

“दिवं लावून पुन्हा हरलोच की रं बापू. ह्या खेपेला तुझ्या पोरानं गोल खाल्लं.”

बापूसोंनी डब्याचं झाकण लावलं आणि खुर्ची मिटून काखेत घेतली.

“चारच,” ते म्हणाले. “तुझ्यापेक्षा एक कमी.”